सोलापुरात राहायला आलात? मतदार यादीपासून झोन ऑफिसपर्यंतची सगळी वाट

सोलापुरात नव्यानं आलेला माणूस आधी भाड्याचं घर बघतो, मग गॅस, मग पोरांची शाळा. मतदार यादीतलं नाव मात्र वर्षानुवर्षं गावाकडंच राहतं. निवडणूक आली की एसटी पकडून गावाला जायचं, नाहीतर सुट्टी घरात काढायची. इथल्या ड्रेनेजबद्दल, पाण्याबद्दल, घंटागाडीबद्दल मात्र रोज बोलायचं.

मी मंगळवेढा तालुक्यातला. नोकरीसाठी इथं आलो आणि जुळे सोलापुरात स्थिरावलो. स्वतःचं नाव इकडं आणल्यापासून कॉलनीतल्या लोकांचे फॉर्म भरायला मदत करतो. विडी वळणाऱ्या मावश्यांपासून विद्यापीठातल्या पोरापोरींपर्यंत सगळ्यांना अडचणी जवळपास त्याच येतात, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतोय. माझं सांगणं एवढंच आहे की मतदानाआधी तुमचं नाव योग्य यादीत हवं आणि मतदानानंतर तुमचा अर्ज ऑफिसच्या आवक रजिस्टरमध्ये हवा. यातलं एक जरी राहिलं तरी बाकीची धडपड वाया जाते.

१. आधी ठरवा: मतदार कुठले?

एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असू शकतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १७ आणि १८ प्रमाणे दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही आणि एकाच यादीत दोनदाही नाव ठेवता येत नाही. फॉर्मच्या शेवटी तुम्ही जे प्रतिज्ञापन सही करून देता ते जाणूनबुजून खोटं निघालं, तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'गावाकडं एक आणि इकडं एक, कोण बघतंय' असं म्हणणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नका.

कायदा बघतो तो तुमचा नेहमीचा रहिवास. गावात घर आहे, शेती आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्यानं तुम्ही तिथले मतदार ठरत नाही. गावच्या ग्रामपंचायतीत भावकीला आपलं मत हवं असतं, तिथं 'नाव काढतोय' म्हणणं जड जातं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे. ज्या नळाचं पाणी तुमची मुलं पितात, तिथल्या नगरसेवकाला तुम्ही मतदार म्हणून माहीत असायला हवं.

विद्यार्थ्यांना थोडी मोकळीक आहे. होस्टेलवर किंवा खोली घेऊन राहणारा विद्यार्थी आई-वडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतो किंवा इथं नोंदवू शकतो. इथं नोंदवायचं असेल तर कॉलेजकडून बोनाफाईड घ्या.

२. तुमचा मतदारसंघ आणि प्रभाग ओळखा

सोलापूर शहर तीन विधानसभा मतदारसंघांत विभागलेलं आहे: सोलापूर शहर उत्तर (२४८), सोलापूर शहर मध्य (२४९) आणि सोलापूर दक्षिण (२५१). दक्षिणमध्ये शहराचा एक मोठा भाग आणि ग्रामीण भाग दोन्ही येतात. जुळे सोलापूर, विजापूर रोड या बाजूला राहणारे बरेच जण 'आम्ही शहरात राहतो म्हणजे शहर मध्य' असं समजून चुकीचा मतदारसंघ निवडतात. पिनकोडवरून मतदारसंघ ठरत नाही आणि पोलीस स्टेशनवरूनही नाही. सोपा उपाय म्हणजे शेजारच्या जुन्या मतदाराचं ओळखपत्र मागून घ्या आणि त्याचा नंबर निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर टाकून बघा. मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, मतदान केंद्र सगळं समोर येतं. तुमचंही साधारण तेच असणार.

सोलापूर लोकसभा मतदारसंघात शहरातल्या या तिघांसोबत मोहोळ, अक्कलकोट आणि पंढरपूर हे विधानसभा मतदारसंघ येतात. मंगळवेढा पंढरपूर विधानसभेत मोडतो, त्यामुळं माझ्यासारख्याचा खासदार तोच राहतो, आमदार बदलतो. बार्शीहून आलेल्याचा मात्र खासदारही बदलतो, कारण बार्शी लोकसभेला धाराशिवला जोडलेली आहे.

तिसरा थर महापालिकेचा. सोलापूर महापालिकेत २६ प्रभाग आणि १०२ नगरसेवक आहेत. बहुतेक प्रभागांत चार जागा असतात, थोड्यांत तीन. म्हणजे तुमचा नगरसेवक एक नाही, चौघं आहेत (थोड्या प्रभागांत तिघं). सगळ्यांची नावं आणि फोन नंबर घरात लिहून ठेवा.

एक इशारा पूर्व भागातून कुंभारीच्या रे नगरात राहायला गेलेल्या कुटुंबांसाठी. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या या वसाहतीतल्या पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे, महापालिका हद्दीत नाही. तिथं गेल्यावर पत्ता बदलला नाही तर नाव साखर पेठेत किंवा अशोक चौकात आणि संसार कुंभारीत, अशी अवस्था होते. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, जुन्या घरी पडताळणीला आला, तुम्ही सापडला नाहीत, तर नाव वगळण्याची कारवाई सुरू होऊ शकते. नव्या पत्त्यावर नाव नेलंत की तुम्ही ग्रामसभेचेही सदस्य होता, आणि ग्रामसभेत उभं राहून थेट प्रश्न विचारता येतो. ही सोय शहरात इतकी सहज मिळत नाही.

३. कागदपत्रं

- पासपोर्ट आकाराचा अलीकडचा रंगीत फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चेहरा समोरून
- वयाचा पुरावा: जन्म दाखला, दहावी-बारावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्ट
- पत्त्याचा पुरावा: लाइट बिल, पाण्याचं किंवा गॅसचं बिल, आधार, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत
- घरातल्या एखाद्या मतदाराचं ओळखपत्र, म्हणजे तुमचं नाव त्याच यादी भागात जातं
- चालू मोबाईल नंबर

भाडेकरूंनी इथं जरा थांबा. घरमालक शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार करून नोटरीचा शिक्का मारून देतो. हा नोंदणीकृत करार होत नाही. पुरावा म्हणून लागतो तो दुय्यम निबंधकाकडं नोंदलेला, आणि महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाचीच आहे. मालक टाळाटाळ करत असेल तर गॅस कनेक्शन किंवा बँक पासबुक आधी नव्या पत्त्यावर करून घ्या, ते लवकर होतं. कुठलाच कागद नसेल तरी अर्ज थांबवू नका. अशा वेळी बीएलओनं प्रत्यक्ष येऊन पडताळणी करायची असते. झोपडपट्टीत किंवा उघड्यावर राहणाऱ्यालाही मतदार होण्याचा हक्क आहे.

आधार क्रमांक देणं ऐच्छिक आहे. नाही दिला म्हणून अर्ज नाकारता येत नाही.

४. फॉर्म: सहा नंबर की आठ नंबर?

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून सावकाश वाचा.

सहा नंबरचा फॉर्म आयुष्यात पहिल्यांदा मतदार होणाऱ्यासाठी. नाव आधी कुठंही, कुठल्याही राज्यात नोंदलेलं असेल, तर तो तुमचा फॉर्म नाही.

आठ नंबरचा फॉर्म पत्ता बदलण्यासाठी, नाव-वय-फोटो यातली चूक सुधारण्यासाठी, हरवलेलं ओळखपत्र पुन्हा मिळवण्यासाठी आणि अपंगत्वाची नोंद करण्यासाठी. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेलं की पुन्हा सहा नंबर भरावा लागायचा. ऑगस्ट २०२२ पासून ते बदललं, आता कुठूनही कुठंही स्थलांतर आठ नंबरनंच होतं. जुन्या सवयीनं कुणी सहा नंबर पुढं केला तर नम्रपणे आठ मागा. सहा भरलात की गावाकडचं नाव तसंच राहतं, इकडं दुसरं तयार होतं आणि दुबार नावांच्या यादीत तुम्ही अडकता.

सात नंबरचा फॉर्म नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावावर आक्षेप घेण्यासाठी. घरातलं माणूस वारलं असेल तर मृत्यूच्या दाखल्यासह हा फॉर्म नक्की भरा. दुःखात हे राहून जातं आणि त्या नावावर दुसऱ्यानं मत टाकण्याची वाट मोकळी राहते.

अठरा पूर्ण होण्यासाठी आता फक्त १ जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे वय मोजायच्या तारखा, आहेत. सतरा पूर्ण झालेली मुलं आगाऊ अर्जही करू शकतात. बारावीच्या सुट्टीत हे काम उरकून टाकायला सांगा.

अर्ज करायच्या वाटा तीन. पहिली, निवडणूक आयोगाचं ईसीआयनेट ॲप (आधीचं व्होटर हेल्पलाइन) किंवा 'व्होटर्स डॉट ईसीआय डॉट गव्ह डॉट इन' हे पोर्टल. दुसरी, तुमच्या यादी भागाचा बीएलओ, जो बहुतेक वेळा जवळच्या शाळेतला शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा सरकारी कर्मचारी असतो. तिसरी, मतदार नोंदणी अधिकाऱ्याचं कार्यालय. मोबाईल वापरता येत असेल तर पहिलीच वाट धरा, कारण संदर्भ क्रमांक तिथल्या तिथं हातात येतो.

आता नावाचं. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषांतली नावं एकाच गल्लीत असतात. ऑनलाइन फॉर्ममध्ये तुम्ही इंग्रजीत नाव टाइप करता आणि शेजारच्या चौकटीत मराठी नाव आपोआप उमटतं. व्यंकटेशचं वेंकटेश होतं, यल्लप्पाचं येल्लाप्पा होतं, शेखचं शैख होतं, आणि तेलुगू आडनावांतल्या जोडाक्षरांचे तर असे तुकडे पडतात की घरचेही ओळखणार नाहीत. ती मराठी चौकट हातानं दुरुस्त करता येते. आधारवर मराठीत नाव जसं आहे, अक्षर न् अक्षर तसंच करा. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाची चौकटही बघा, चूक हमखास तिथं राहते. लग्न होऊन आलेल्या मुलींनी नावं बदलली असतील तर आधी आधार आणि मग मतदार यादी, हा क्रम ठेवा. उलट केलंत तर दोन्हीकडं खेटे घालावे लागतात.

यामुळंच यादीत स्वतःला शोधताना नावानं शोधू नका. ओळखपत्राच्या नंबरानं शोधा. नाव सापडलं नाही म्हणून 'आमचं नाव उडवलं' अशी बोंब होते आणि प्रत्यक्षात ते एका वेलांटीच्या फरकानं तिथंच असतं.

५. अर्जानंतरचे दिवस

अर्ज भरला म्हणजे काम झालं असं धरू नका. संदर्भ क्रमांक टाकून स्थिती बघत राहा. बीएलओ घरी येतो किंवा फोन करतो. अनोळखी नंबर म्हणून तो फोन कापला जातो आणि अर्ज 'अर्जदार आढळला नाही' म्हणून फेटाळला जातो. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. खाली नावाची पाटी लावा.

अर्ज फेटाळला तर कारण लिहिलेलं असतं. ते वाचा, कागद नीट करा, पुन्हा भरा. निर्णयच चुकीचा वाटत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करता येतं. काही अडलं तर १९५० या क्रमांकावर फोन लावा.

मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाबद्दलही दोन शब्द. २०२५ मध्ये बिहारमधून सुरू झालेल्या या मोहिमेत बीएलओ घरोघरी गणना अर्ज देतात आणि जुन्या याद्यांशी नाव जुळवून बघतात. आपल्याकडं असा अर्ज दारात आला तर भरून, सही करून द्या आणि पोच घ्या. आई-वडिलांची नावं जुन्या यादीत कुठल्या गावात, कुठल्या भागात होती याची नोंद आत्ताच काढून ठेवलीत तर पुढं उपयोगी पडेल.

६. महापालिकेच्या निवडणुकीचा वेगळा नियम

लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिका राज्य निवडणूक आयोग घेतो. पण महापालिकेसाठी वेगळी नोंदणी होत नाही. विधानसभेची यादीच एका ठरावीक तारखेला गोठवतात आणि प्रभागनिहाय फोडतात. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्या तारखेनंतर नाव नोंदवलेल्यांचा नंबर विधानसभेच्या यादीत आला, पण त्यांना नगरसेवक निवडता आला नाही.

म्हणून निवडणुकीचे बॅनर लागायची वाट बघू नका. २०१७ नंतरची महापालिका निवडणूक थेट २०२६ मध्ये झाली, म्हणजे एक संधी हुकली तर पुढची किती लांब जाईल याचा भरवसा धरता येत नाही.

यादी प्रभागनिहाय फोडताना अख्खी गल्ली चुकून शेजारच्या प्रभागात जाऊ शकते. त्यासाठी प्रारूप यादी प्रसिद्ध होते आणि हरकतींना थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत यादी उघडून फक्त स्वतःचं नाव बघू नका, आपल्या ओळीतली सगळी घरं बघा. दहा-वीस घरांनी मिळून दिलेली हरकत तपासायला सोपी जाते.

७. मतदानाचा दिवस

ओळखपत्र न्या. ते नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटोचं पासबुक यांपैकी एक चालतं. घरी वाटलेली मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही, ती फक्त अनुक्रमांक सापडायला मदत करते. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तो घरीच ठेवा किंवा बाहेर कुणाकडं तरी द्या. गेल्या महापालिका मतदानाची वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच होती, विधानसभेला ती सकाळी सात ते सहा असते. बंद व्हायच्या वेळेला जो रांगेत असेल त्याला मत देता येतंच. रांगेतून हलू नका.

महापालिकेला चार जागांच्या प्रभागात चार मतं द्यायची असतात: अ, ब, क, ड. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो. चारही मतं एकाच पक्षाला दिली पाहिजेत असं अजिबात नाही. एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर तिथं 'नोटा' दाबा, पण बटण दाबाच. एक बटण दाबून बाहेर पडायला निघणारे, विशेषतः वयस्कर लोक, दर वेळी दिसतात. आजी-आजोबांना आदल्या रात्री कागदावर चार चौकोन काढून समजावून सांगा. विधानसभेला दिसणारी, मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी महापालिकेच्या मतदानात नसते, त्यामुळं ती दिसली नाही म्हणून घाबरू नका.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षाला ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा. मतपत्रिकेवर शिक्का मारून ते वेगळ्या पाकिटात ठेवतात. हा तुमचा हक्क आहे आणि त्याची लेखी नोंद होते.

लोकसभा-विधानसभेला ८५ च्या पुढचे ज्येष्ठ आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेले मतदार १२ ड नंबरचा फॉर्म भरून घरून मत देऊ शकतात. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो द्यावा लागतो, तेवढा पाळा.

कारखान्यात, यंत्रमागावर, दुकानात काम करणाऱ्यांना मतदानासाठी भरपगारी सुट्टी देणं मालकावर बंधनकारक आहे. सलग प्रक्रिया असलेल्या ठिकाणी निदान दोन-तीन तासांची सवलत देतात. ती मागायला संकोच करू नका. पैसे-भेटवस्तू वाटप दिसलं तर लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेत सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाका. नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते आणि शंभर मिनिटांत दखल घ्यायची असते.

८. मत दिलं, आता झोन ऑफिस

मत देऊन पुढची पाच वर्षं कट्ट्यावर शिव्या घालत बसणाऱ्यांत तुम्ही सामील होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सोलापूर महापालिकेची आठ विभागीय कार्यालयं आहेत, लोक त्यांना झोन म्हणतात. रस्ता, ड्रेनेज, दिवाबत्ती, सफाई, पाणी या रोजच्या तक्रारींची पहिली पायरी तिथं. तोंडी सांगून येऊ नका. एका कागदावर विषय, ठिकाण, कधीपासून अडचण आहे आणि नेमकं काय हवं आहे, एवढं लिहा. दोन प्रती काढा. एक आत द्या, दुसऱ्यावर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. शिक्का नसलेला अर्ज हा अर्ज नव्हे, पुढच्या सगळ्या पायऱ्यांना तोच कागद लागतो.

नेमकेपणा म्हणजे काय ते आमच्या गल्लीतल्या एका मावशींकडून शिकावं. सोलापूरला उजनी, टाकळी आणि हिप्परगा इथून पाणी येतं आणि नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. मावशींच्या स्वयंपाकघरात दाराआड कॅलेंडर आहे. पाणी आलं की त्या तारखेच्या चौकोनात त्या लिहितात: '५.१० ला आलं, ६.४० ला गेलं, वरच्या टाकीत चढलं नाही.' तीन महिन्यांच्या पानांचे फोटो निवेदनाला जोडले, खाली गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. 'पाणी वेळेवर येत नाही' या एका वाक्यावर कुणी काही बोललं नसतं. त्या चौकोनांवर मात्र इंजिनिअर साहेब बोलले: चावीवाला कधी येतो, वॉल्व्ह किती फिरवतो, शेवटच्या घरांना दाब का नाही, इथवर बोलणं गेलं.

हद्दवाढ भागात राहणाऱ्यांनी, म्हणजे १९९२ मध्ये शहरात आलेल्या पट्ट्यातल्या वसाहतींनी, अर्जाबरोबर मिळकत कराच्या पावतीची प्रत जोडावी. 'तुमचा ले-आउट मंजूर आहे का' हा प्रश्न आधी येतो, त्याचं उत्तर तयार ठेवा.

९. दाद मागण्याच्या पायऱ्या

झोनला दिलेल्या अर्जावर काही हाललं नाही, तर:

लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी अधिकाऱ्यांनी समोर बसून ऐकायचा दिवस. जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांच्याकडं महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो. ऐन सोमवारी सकाळी कागद घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. कोर्टात चालू असलेली प्रकरणं, नोकरीविषयक तक्रारी इथं घेत नाहीत, आणि आचारसंहितेच्या काळात हा दिवस होत नाही.

माहिती अधिकार. साध्या कागदावर नमुना 'अ', दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, शिधापत्रिकेची किंवा दाखल्याची प्रत जोडा. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत प्रथम अपील, त्याला वीस रुपयांचं तिकीट. त्यापुढं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं दुसरं अपील.

माहिती मागताना 'रस्ता का झाला नाही?' असं विचारू नका. 'का'ला उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कागद मागा: त्या रस्त्याचा कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, ठेकेदाराची देखभालीची मुदत. मुदत संपायच्या आत रस्ता उखडला असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं करून घेता येते, आणि हा कागद हातात असलेल्या माणसाशी बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

आणि सर्वसाधारण सभा बघा. महापालिकेच्या सभा नागरिकांना पाहता येतात, तारीख आणि प्रवेशाचं नगरसचिव कार्यालयात आधी विचारून घ्या. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूरच्या नगरपालिकेनं इंग्रजी अमलात आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला. पुढच्याच महिन्यात शहरावर मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. ज्या शहरात नगरपालिकेच्या एका निर्णयाला एवढा अर्थ होता, त्या शहरातल्या माणसानं निदान एकदा तरी सभागृहात बसून आपले चार नगरसेवक काय बोलतात, आणि बोलतात का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

१०. आणखी पुढं जायचं असेल तर

अंदाजपत्रक एप्रिलपासून लागू होतं, म्हणून गल्लीतलं काम त्यात यावं असं वाटत असेल तर निवेदन दिवाळीनंतर लगेच द्या. मार्चमध्ये सगळे जागे होतात, तोवर आकडे ठरलेले असतात. प्रभागरचना, विकास आराखडा, रस्त्याचं नाव बदलणं अशा प्रत्येक गोष्टीला हरकती-सूचनांची मुदत असते आणि तिची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रांत आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. कॉलनीतल्या एका निवृत्त माणसाकडं रोज ती पानं वाचायचं काम सोपवा, ते आनंदानं करतात.

महापालिका कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे, म्हणजे मतदारांनी नगरसेवकासमोर बसून कामं सुचवायची सभा. ती आपणहून क्वचितच भरवली जाते. प्रभागातल्या मतदारांनी सह्यांचं पत्र देऊन मागणी करावी, आवक शिक्क्यासह.

गणेशोत्सव किंवा जयंती मंडळात असाल तर माणसं तुमच्याकडं आधीच आहेत. मिरवणुकीच्या नियोजनाला जमणारी पोरं महिन्यातला एक रविवार मतदार नोंदणीचं टेबल लावून बसली तर अख्ख्या पेठेचं काम होतं. एक मोबाईल, एक पॉवर बँक, कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा आणि तेलुगू-कन्नड बोलणारं एक माणूस, एवढं पुरतं.

आणि स्वतः उभं राहायचं असेल तर: वय २१ पूर्ण हवं आणि शहरातल्या मतदार यादीत नाव हवं, मग प्रभाग कुठलाही चालतो. सूचक-अनुमोदक मात्र त्याच प्रभागातले लागतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर अपात्र ठरता. महापालिकेची थकबाकी भरलेली हवी. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तेव्हा बचत गट चालवणाऱ्या, गल्लीचे प्रश्न तोंडपाठ असलेल्या बायांनी नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर सोडून न देता स्वतः अर्ज भरावा. राखीव प्रवर्गाच्या जागेवर लढायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. पडताळणीला वेळ जातो, आणि निवडणूक जाहीर झाल्यावर समितीच्या दारात रांग लागते. तो अर्ज निवडणूक लांब असतानाच करून ठेवा.